कोहात केलेले बदल विकायचे, तर काय काय पाळायचं?

दाखलनोंद (धागाकर्ता) | रविवार, रात्री

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच.

मी सांगली जिल्ह्यात राहतो. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक होतो. तिथेच कोहा हाताळायला शिकलो, मग तो ज्या संगणकभाषेत लिहिलाय ती पर्ल शिकलो, आणि गेली सहा वर्षं ग्रंथालयांत कोहा बसवून देणं हाच माझा व्यवसाय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तालिकीकरण, देवघेव, दंड, नियतकालिकं असं ग्रंथालयाचं सगळं काम सांभाळणारी ही मुक्तस्रोत प्रणाली आहे, म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो. परवाना जीपीएल आवृत्ती ३, मुक्त सॉफ्टवेअरचा एक प्रसिद्ध परवाना.

आपल्याकडच्या ग्रंथालयांचं कोहात तीन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे दाखलनोंद वही, आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद. तपासणीला येणारे छापील वही मागतात, ठरावीक रकान्यांची, आडव्या कागदावर, पान क्रमांकासकट. दुसरं, पुस्तकाच्या पाठीवरची मराठी लेबलं. छापताना जोडाक्षरं तुटतात. आणि तिसरं म्हणजे वर्णक्रम. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ळ हा ल च्या शेजारी बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी लागतो. कोशात तो 'काहूर'च्या नंतर असतो. संगणकवाल्याला हे किरकोळ वाटेल, ग्रंथपालाला नाही.

या तिन्हींवर मी सात आठवडे रात्री बसून काम केलं. पहिल्या महाविद्यालयाने ३५,००० रुपये दिले. चांगलं चाललंय. आता अडचण अशी: त्या ग्रंथपालांनी ते सगळं पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीला दिलं, आणि त्या बाईंचा मला फोन, "बसवून देता का?" दुसरीकडे अकरा महाविद्यालयं असलेली एक शिक्षणसंस्था विचारते आहे की सगळ्यांसाठी मिळून किती घ्याल.

तर मला हे विकता येतं का? विकलं तर "पुढे कुणाला देऊ नका" असं लिहून घेता येतं का? सगळं इंटरनेटवर टाकावंच लागतं का? एक मित्र म्हणतो, कोड गुंडाळून वाचता येणार नाही असा करून दे, प्रश्नच मिटला. मला ते पटत नाही, पण त्याला नेमकं उत्तरही देता येत नाही.

---

पर्लवाला

विकता येतं. जीपीएल ३ च्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की प्रत देताना हवी ती किंमत लावा, नाहीतर लावू नका, आणि आधारसेवेचे किंवा हमीचेही पैसे घ्या. मुक्त म्हणजे फुकट हा गैरसमज आपल्याकडेच नाही, सगळीकडे आहे. खुद्द जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला पाठवत होते, त्यातून पैसे मिळवत होते.

"पुढे देऊ नका" हे मात्र लिहून घेता येत नाही. दहावं कलम. परवान्याने दिलेल्या हक्कांवर तुम्ही जास्तीची बंधनं घालू शकत नाही. म्हणजे त्या ग्रंथपालबाईंनी पेनड्राइव्ह दिला यात त्यांनी काहीही चूक केलेली नाही.

इंटरनेटवर टाकायची सक्तीही नाही. ज्याला प्रत दिली त्याला सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळायला हवा, बास. जगाला द्यायला तुम्ही बांधील नाही.

आणि मित्राचा सल्ला ऐकू नका. सोर्स म्हणजे काय याची व्याख्या परवान्यातच आहे: बदल करण्यासाठी सोयीचं असलेलं रूप. वाचता येणार नाही असा केलेला कोड हा सोर्स नव्हेच. तो दिला आणि मूळ दिला नाही, तर परवाना मोडला.

---

मिसळप्रेमी_नगर

वाचनखूण साठवली. चटई टाकून बसलो आहे.

---

नाशिकचा_नि

पर्लवाला, नियम कळला, पण मला हे न्यायाचं वाटत नाही. सात आठवडे रात्री जागून केलेलं काम एका पेनड्राइव्हवर निघून जातं आणि तुम्ही म्हणता त्यांनी काही चूक केली नाही?

माझा भाऊ किराणा दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. स्वतःचं, बंद. दुकानागणिक किल्ली (सॉफ्टवेअर चालू करायचा सांकेतिक क्रमांक), वर्षाला नूतनीकरण. त्यावर त्याने घर बांधलं, चार पोरांना कामाला ठेवलं. त्याने कुणाला फसवलेलं नाही. दाखलनोंद यांनी जीपीएलच्या वाटेला जायचंच कशाला?

---

दाखलनोंद

नि, तुमच्या भावाबद्दल आदरच आहे. पण त्याने पहिली ओळ स्वतः लिहिली. माझं तसं नाही. मी लिहिलेलं सगळं मिळून काही हजार ओळी असतील, आणि त्या उभ्या आहेत त्या कोहावर, जो मला एक रुपया न देता मिळाला. मी ज्या पर्लवर शिकलो तो कोहाचाच कोड होता. उद्या मला कुणी म्हणालं असतं की वाचायचा नाही, तर आज मी कुठे असतो? म्हणून "कशाला गेलात" हा प्रश्न मला लागू होत नाही. पोट कसं भरायचं हा होतो.

---

ग्रंथसखी

मी ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं झाली. पेनड्राइव्ह देणारी मी नव्हे, पण असते तर दिला असता, म्हणून लिहिते.

कोहा कुठून आला हे इथे सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये होरोफेनुआ नावाचा भाग आहे, गावं छोटी, ग्रंथालयाचा निधी बेताचा. १९९९ मध्ये त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नाही हे कळलं. नवीन विकत घ्यायची तर परवडेना, शिवाय फोनची खास लाइन टाकावी लागणार होती. त्यांनी कातिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून स्वतःला हवी तशी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली, आणि मग ग्रंथालय आणि कंपनी दोघांनी मिळून ठरवलं की ही जीपीएलखाली सोडायची. कोहा हा माओरी शब्द. पाहुणा यजमानाकडे जाताना नेतो ती भेट. आपल्या आहेरासारखं त्यातही परत करण्याची जाण असते.

आता लक्षात घ्या, कातिपोला त्या कामाचे पैसे मिळाले होते. ग्रंथालयाने ते दिले. भेट म्हणून सोडलं ते नंतर. म्हणजे पैसे घेणं आणि मोकळं सोडणं या दोन्ही गोष्टी एकाच कामात, पहिल्या दिवसापासून होत्या.

आम्ही ग्रंथपाल एकमेकींना वस्तू देतो. आंतरग्रंथालय देवघेव हा आमच्या शिक्षणातला धडाच आहे. तुमची दाखलनोंद वही मैत्रिणीला दिली म्हणजे तुम्हाला लुबाडलं असं त्या बाईंच्या मनातही आलं नसेल. पण त्या मैत्रिणीने फोन तुम्हालाच केला ना? पुस्तक मिळालं, वाचून दाखवणारा हवाय. त्याचे पैसे मागा. बिनदिक्कत मागा. आमच्यातल्या अनेकींना प्राचार्यांपुढे ती मागणी मांडता येत नाही, म्हणून तुम्हीच लेखी कोटेशन द्या. कागद असला की आम्हाला बोलता येतं.

---

मिसळप्रेमी_नगर

ग्रंथसखी, आहेराचं अगदी पटलं. आमच्याकडे आहेराची वही ठेवतात, कुणी काय दिलं ते लिहायला. कोडात कुणी काय बदललं ते नोंदवणारं गिट तेच करतं की!

---

कायदेवाचक

मी वकील आहे, बौद्धिक संपदेची कामं करते. सगळे "विकता येतं का" यावर बोलताहेत, पण त्याआधी एक प्रश्न येतो: दाखलनोंद, हे बदल तुमचे आहेत का?

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृती म्हणून धरलाय. कलम १७ प्रमाणे लिहिणारा हा पहिला मालक. पण नोकरीच्या कराराखाली, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक नोकरी देणारा. तुम्ही ग्रंथालयात सहायक होतात असं लिहिलंत. त्या काळात यातलं काही लिहिलं होतं का?

बाहेरचा माणूस म्हणून काम करताना उलट असतं. ३५,००० मिळाले म्हणून हक्क महाविद्यालयाकडे गेला असं होत नाही. कॉपीराइट हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, कलम १९. त्यातही मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. मोठ्या संस्थेच्या छापील करारात "तयार झालेल्या सर्व गोष्टींची मालकी संस्थेची" असं वाक्य बहुतेक असतं. सही करण्यापूर्वी ते शोधा.

परवाना म्हणजे नुसता सज्जनपणाचा कागद आहे असं समजू नका, हेही सांगते. अमेरिकेत खेळण्यातल्या रेल्वेचं नियंत्रण करणारं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं. जेकबसन विरुद्ध कॅट्झर. २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की मुक्त परवान्यातल्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, कोड फुकट दिला असला तरी.

---

दाखलनोंद

ताई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. लेबलांचा भाग मी नोकरीत असतानाच लिहिला होता. कामाच्या वेळेनंतर, पण ग्रंथालयाच्याच संगणकावर, आणि तिथलीच लेबलं छापायला. बाकी दोन भाग नोकरी सोडल्यावरचे.

---

कायदेवाचक

सहायकाच्या कामात प्रोग्राम लिहिणं येत नव्हतं असा युक्तिवाद करता येतो. पण भांडण व्हायची वाट कशाला पाहता? जुन्या महाविद्यालयाकडून एक पानी पत्र घ्या: हा भाग तुम्ही लिहिला, महाविद्यालयाचा त्यावर दावा नाही, आणि असलाच तर तो जीपीएल ३ खाली वापरायला त्यांची हरकत नाही. संबंध चांगले असतील तर आठवड्याचं काम आहे. अकरा महाविद्यालयांचं काम घेण्यापूर्वी ते हातात हवं.

---

हाम्बुर्गहून

इकडच्या न्यायालयांनी तर याहून आधी निकाल दिलाय. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल मोडणाऱ्या राउटर कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला होता. लिनक्समधल्या नेटफिल्टर या भागावर काम करणारे हाराल्ड वेल्टे न्यायालयात गेले होते.

दाखलनोंद, एक वेगळी वाट सुचवतो. प्रत देऊच नका. तुमच्या सर्व्हरवर कोहा चालवा, अकरा महाविद्यालयांना ब्राउझरमधून वापरू द्या, महिन्याचं भाडं घ्या. जीपीएलमध्ये सोर्स द्यायची जबाबदारी प्रत दिल्यावर येते. नेटवरून वापरू दिलं म्हणजे प्रत दिली असं होत नाही. हीच फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएल ३ हा वेगळा परवाना आला, त्याच्या तेराव्या कलमात नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स देऊ करावा लागतो. पण कोहा एजीपीएल नाही. तुमचे बदल तुमच्याकडेच राहतील, आणि सगळं नियमात.

---

नाशिकचा_नि

हे मला पटलं. कायदेशीर आहे, पोटही भरतं. मग वाद कसला?

---

ग्रंथसखी

वाद आहे, आणि कोहाच्या बाबतीत तो होऊन गेलेला आहे.

लिबलाइम ही अमेरिकेतली कंपनी. कोहाला सेवा देणाऱ्यांत मोठी होती, कातिपोचा कोहा विभागही त्यांनीच घेतला होता. २००९ मध्ये त्यांनी आपल्या ग्राहकांसाठी वेगळा कोहा काढला, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारा, आणि त्यातले बदल समुदायाकडे येईनासे झाले. हाम्बुर्गहून म्हणतात तसं परवान्यात बसणारं. पण जगभरच्या ग्रंथालयांना वाटलं की घरातलं माणूस दार लावून बसलं. २०१० मध्ये ती कंपनी पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीकडे गेली. मग २०११ मध्ये न्यूझीलंडमध्येच कोहा या नावाच्या ट्रेडमार्कचा त्यांचा अर्ज पुढे सरकतोय हे कळलं. ज्या ग्रंथालयाने हे नाव दिलं त्यालाच विरोध करायला वर्गणी गोळा करावी लागली. माओरी शब्द, भेट या अर्थाचा, आणि त्याच्यावर मालकी! शेवटी तो अर्ज नामंजूर झाला.

मी हे इतकं लांबून वाचलं तरी मला आजही वाईट वाटतं. सर्व्हर चालवून भाडं घ्या, माझी हरकत नाही, लहान ग्रंथालयांना ते सोयीचंच आहे. आमच्याकडे सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालचं कपाट. पण बदल अडवून ठेवण्यासाठी म्हणून सर्व्हर चालवू नका.

---

हाम्बुर्गहून

ग्रंथसखी, ही पार्श्वभूमी मला माहीत नव्हती. परवान्यात बसतं म्हणून समाजात बसतं असं नाही, हे मान्य. सर्व्हरची सूचना ठेवतो, "बदल तुमच्याकडेच राहतील" हे वाक्य मागे घेतो.

---

थीमकार

मी वर्डप्रेसमध्ये, म्हणजे संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीत, दहा वर्षं आहे. तेही जीपीएल, आवृत्ती २ किंवा पुढची, म्हणून अनुभव सांगतो.

माझं एक सशुल्क प्लगिन (मूळ प्रणालीला वरून जोडायचा भाग) आहे. जीपीएल. काही संकेतस्थळं तेच प्लगिन माझ्या किमतीच्या दहाव्या हिश्शात विकतात. परवान्याने त्यांना ते करता येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. मग हिशेब घातला. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या तक्रारींत निम्म्या अशांच्या होत्या ज्यांनी तिथून जुनी आवृत्ती घेतली, ती वर्डप्रेसच्या नव्या आवृत्तीबरोबर मोडली, आणि आता दुरुस्तीला माझ्याकडे आले. त्यातले बरेच आज माझे ग्राहक आहेत. माझ्या किल्लीने कोड बंद होत नाही, किल्लीने नवी आवृत्ती आणि मदत मिळते. किल्ली संपली तरी असलेला कोड चालतच राहतो. हा फरक ग्राहकाला आधीच सांगायचा.

२०१० मध्ये वर्डप्रेसमध्ये थीसिस नावाच्या थीमवरून (संकेतस्थळाच्या रूपाच्या साच्यावरून) मोठं भांडण झालं होतं. तिच्या कर्त्याचं, क्रिस पिअरसन यांचं म्हणणं होतं की थीमला जीपीएल लागू होत नाही. वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग उघडपणे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. शेवटी थीसिसचा पीएचपी भाग, म्हणजे प्रोग्राम, जीपीएलखाली आला, चित्रं आणि सीएसएस (सजावटीचा कोड) वेगळं राहिलं. तेव्हापासून बहुतेक थीमवाले हाच धडा धरून चालतात. आणि वूकॉमर्स, ज्यावर आज इतकी ऑनलाइन दुकानं चालतात, ते २०११ मध्ये जिगोशॉप या दुसऱ्याच्या प्लगिनचा फाटा म्हणून सुरू झालं. जीपीएल होतं म्हणून शक्य झालं. जिगोशॉपवाल्यांना काय वाटलं असेल हेही माझ्या मनात येतं.

---

मिसळप्रेमी_नगर

अवांतर: लेबलांसाठी फॉन्ट कुठला वापरलात? फॉन्टचाही परवाना असतो ना?

---

दाखलनोंद

'मुक्त' नावाचा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. जोडाक्षरं नीट येतात आणि लहान आकारात वाचता येतं.

---

पर्लवाला

'मुक्त'चा परवाना ओएफएल, खास फॉन्टसाठीचा मुक्त परवाना. सॉफ्टवेअरबरोबर देता येतो, त्या सॉफ्टवेअरचे पैसेही घेता येतात, पण नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. बरोबर परवान्याची फाइल ठेवा. एवढंच.

---

नाशिकचा_नि

थीमकारांच्या किल्लीवरून सुचलं. करारात असं लिहिलं तर? "कोड पुढे द्यायला तुम्ही मोकळे आहात, पण दिलात तर आमची आधारसेवा बंद." बंधन कोडवर नाही, सेवेवर आहे.

---

पर्लवाला

ही रेड हॅट या लिनक्स कंपनीची वाट. जून २०२३ मध्ये त्यांनी एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स सगळ्यांसाठी ठेवणं थांबवलं, तो फक्त ग्राहकांना मिळू लागला, आणि ग्राहकाने तो पुढे वाटला तर वर्गणी बंद करण्याची मुभा करारात आहे. त्याच सोर्सवरून आपली लिनक्स बनवणाऱ्या रॉकी आणि अल्मा लिनक्सवाल्यांची तेव्हा धावपळ उडाली. हे दहाव्या कलमात बसतं की नाही यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. माझं मत: नावाला मोकळं ठेवून धाक दाखवायचा, हे त्या कलमाच्या हेतूविरुद्ध आहे.

आणि व्यवहार पाहा. दाखलनोंद यांच्याकडे वकिलांची फौज नाही. सांगलीतल्या एका ग्रंथपालाने मैत्रिणीला पेनड्राइव्ह दिला म्हणून सेवा बंद करणार? जिल्हाभर बातमी होईल. या धंद्यात पुढचं काम मागच्या ग्रंथपालाच्या शब्दावर मिळतं.

आता खरी गोष्ट सांगतो जी अजून कुणी बोललं नाही. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबर. तुम्ही मूळ फाइलींत बदल केलेत ना?

---

दाखलनोंद

हो. वर्णक्रमाचा भाग झेब्राच्या, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राच्या मांडणीत, बाकी दोन थेट मूळ फाइलींत. दर मे महिन्यात पंधरा दिवस ते पुन्हा जोडण्यात जातात. त्याचे पैसे मी आजवर कुणाकडे मागितले नाहीत, कारण ते "माझ्याच कामातली डागडुजी" वाटायचं.

---

पर्लवाला

म्हणजे तुमचं नुकसान पेनड्राइव्हने झालेलं नाही, या पंधरा दिवसांनी झालंय. प्रत्येक मेमध्ये.

वही आणि लेबलं कोहाच्या प्लगिनमध्ये हलवा, मूळ फाइलींना हात लावू नका. प्लगिन कोहाच्याच मूळ क्लासवर (कोडच्या साच्यावर) उभं राहतं, म्हणून त्यालाही जीपीएल ३ च धरा. आणि वर्णक्रम प्लगिनमध्ये ठेवण्यासारखा नाही, तो मूळ प्रकल्पाला द्या. बगझिलावर, म्हणजे कोहातल्या चुका आणि बदल नोंदवायच्या जागी, नोंद करा, पॅच (बदललेला कोड) जोडा. दुसरं कुणीतरी तो तपासून सही करेल, मग गुणवत्ता तपासणारे पाहतील, मग प्रकाशन सांभाळणारा आत घेईल. वेळ लागतो, दोनतीनदा परतही येईल. पण एकदा आत गेला की ळ ची काळजी तुम्ही एकट्याने करायची नाही.

---

नाशिकचा_नि

आणि ते आत गेलं की तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्यालाही फुकट मिळालं.

---

थीमकार

मिळालं. पण बदलाच्या नोंदीत नाव दाखलनोंद यांचं राहील. मराठी ग्रंथालयासाठी कोहा कोण जाणतो याचं उत्तर जगाला दिसेल अशा जागी. माझ्या प्लगिनच्या जाहिरातीवर मी जेवढा खर्च केला त्यापेक्षा वर्डप्रेसमध्ये आत गेलेल्या माझ्या दोन छोट्या पॅचनी जास्त कामं दिली.

---

नाशिकचा_नि

बरं. माझ्या भावाचं घर किल्लीवर उभं आहे आणि ते मला चुकीचं वाटत नाही, हे मी शेवटपर्यंत म्हणणार. पण इथे पाया दुसऱ्याचा आहे, हे धागाकर्त्यांनी दिलेलं उत्तर मला खोडता येत नाहीये.

---

दाखलनोंद | सव्वादोन महिन्यांनी

मंडळी, धागा वर काढतोय, कारण तुमच्यामुळे बरंच काही झालं.

जुन्या महाविद्यालयाचं पत्र मिळालं. प्राचार्यांनी दोन वाक्यं वाचून सही केली आणि चहा पाजला. वही आणि लेबलं प्लगिनमध्ये हलवली. त्यात तीन आठवडे गेले. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर माझं नाव, वर्ष आणि परवाना घातला, आणि कोहातून उचललेल्या भागांवर मूळ लेखकांची नावं आणि मी केव्हा बदल केला ती तारीख. पाचवं कलम ते मागतं, हे मी इतकी वर्षं पाळलंच नव्हतं. वर्णक्रमाची नोंद बगझिलावर गेली. एकदा परत आली, चाचण्या जोडा म्हणाले. जोडतोय.

मग त्या संस्थेची बैठक. कायदेवाचक ताई, मालकीचं ते वाक्य करारात होतंच, नवव्या पानावर. मी काढायला सांगितलं. का, म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं की मी तुम्हाला जे देतोय त्याचा पाया दुसऱ्यांचा आहे, तो मी तुमच्या नावावर करूच शकत नाही. पण वापरायचे, बदलायचे, पुढे द्यायचे हक्क सगळे तुम्हाला मिळतील. त्यांच्या लेखापालांनी सरळ विचारलं, "मग पैसे कशाचे? हे तर कुणाकडूनही फुकट मिळेल."

मी कोटेशन पुढे ठेवलं. प्लगिनची किंमत त्यात शून्य लिहिली होती. खाली प्रत्येक महाविद्यालयात बसवण्याचे, जुन्या नोंदी आणण्याचे, ग्रंथपालांच्या दोन दिवसांच्या शिकवणीचे, आणि मे व नोव्हेंबरच्या आवृत्त्यांबरोबर सगळं तपासून चालू ठेवण्याचे वेगळे आकडे. शेवटी एक ओळ: उद्या माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं असेल तर सगळा सोर्स तुमच्याकडे असेल, अडणार नाही. लेखापालांनी ती ओळ दोनदा वाचली. आधीच्या सॉफ्टवेअरवाल्याने नोंदी बाहेर काढून द्यायलाच नकार दिला होता, असं त्यांनी सांगितलं.

काम मिळालं. पहिली तीन महाविद्यालयं दिवाळीच्या आधी, बाकीची नंतर. पेनड्राइव्हवाल्या ताईंकडेही जाऊन आलो. त्यांना बसवून दिलं, नेहमीचे पैसे घेतले. त्यांनीच त्यात एक चूक शोधून दिली: दहा हजारांच्या पुढचे दाखल क्रमांक रकान्याबाहेर जात होते.

---

कायदेवाचक

नववं पान वाचलंत, याचा फार आनंद झाला. कोटेशनची ती शेवटची ओळ करारातही घातली आहे ना?

---

दाखलनोंद

घातली आहे ताई. सोर्सची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात राहील असंही लिहिलंय.

---

ग्रंथसखी

अभिनंदन. आता माझं काम. तुमच्या वहीत निर्लेखित (ठरावाने संग्रहातून काढून टाकलेल्या) पुस्तकांसाठी शेऱ्याचा रकाना आहे का? ठराव क्रमांक आणि तारीख त्यात यायला हवी, नाहीतर तपासणीला आम्हाला तो हाताने लिहावा लागतो. खर्च किती येईल ते कळवा, कोटेशन महाविद्यालयाच्या नावाने द्या. आणि झालं की ते सगळ्यांच्याच प्लगिनमध्ये जाऊ दे.

---

दाखलनोंद

नाही आहे, करायला हवा. ठरावाची तारीख एकच असते की पुस्तकागणिक वेगळी? एका ठरावात शंभर पुस्तकं असतील तर ती एकदम टाकायची सोय लागेल. तुमच्या जुन्या वहीच्या दोन पानांचा फोटो व्यक्तिगत निरोपाने पाठवा, त्यावरून आकडा सांगतो.